अण्णांच्या सिरीजमधला आमचा बल्ब

आमच्या शेजारचे सिद्रामअण्णा खिशाला पेनाऐवजी टेस्टर लावतात. लग्नातसुद्धा. एकदा आहेर करायला स्टेजवर गेले आणि माळेतला एक बल्ब पिळून बघायच्या नादात अख्खी माळ विझवून बसले. वर नवरदेवालाच शिकवलं, "सिरीजची माळ हाय. एक रुसला की सगळे बसले!"

जन्मभर त्यांनी चादरींचं दुकान चालवलं. वायरिंगचा नाद लागला तो बायको गेल्यावर. मुलगी पुण्याला, त्यामुळे घरात एकटे अण्णा आणि त्यांचं डोकं गल्लीतल्या प्रत्येकाच्या बोर्डात. "करंट एका वायरीनं जातोय, दुसरीनं परत येतोय. मधे कुटं तुटलं की खेळ खलास!" हे ते भाजीवालीलाही समजावतात.

दिवाळीत आमच्या दारापुढच्या ओट्यावरचा दिवा बिघडला आणि अण्णा शिडीसकट हजर. "मी करतो की." त्यांनी केलं काय, तर आमचा दिवा आणि त्यांच्या ओट्यावरचा दिवा एकामागे एक, सिरीजमध्ये जोडले. आता दोन्ही घरची बटणं चालू असली तरच दोन्ही दिवे लागतात, आणि वीज दोघांत वाटली गेल्यामुळे दोन्ही मिणमिणतात. त्याला एलईडी चालत नाही, म्हणून अण्णा जुन्या बाजारातून पिवळे बल्ब हुडकून आणतात. रोज तिन्हीसांजेला पलीकडून माझ्या बायकोला, मंगलला, हाक येते, "सूनबाई, बटण दाबा की!" अक्कलकोटला लग्नाला निघालो तरी आम्ही बटण चालू ठेवूनच निघायचं.

"मेथी निवडतेय की आळ्या, तेच कळत नाही," असं म्हणत मंगलनं शेवटी वायरमन बोलावला. तो शिडीवर चढला. आता अण्णा भांडणार, असं मला वाटलं. पण त्यांनी येऊन त्याची शिडी धरली.

"कर बाबा पॅरलल," ते वायरमनला म्हणाले. "घरात तसंच असतंय. एक गेला तरी बाकीचे झकास जळतेत."

मग खिशातला टेस्टर चाचपत जरा हळू आवाजात म्हणाले, "शेजारच्याला कळतसुद्धा न्हाय, हा गेला ते. म्हणून सिरीज केलो होतो."

वायरमन पक्कड धरून आमच्या तोंडाकडे बघत होता.

"उतरा हो खाली," मंगलच त्याला म्हणाली. "चहा टाकते."

हल्ली ती मेथीची जुडी घेऊन अण्णांच्या ओट्यावर जाऊन बसते. उजेड तिथेही तेवढाच आहे.