सोपाननानांची पश्चिमेची भिंत

आमच्या वास्तुशांतीला साठ-सत्तर माणसं येऊन गेली. कुणी फरशीला नावाजलं, कुणी ओट्याला, कुणी गॅलरीतून दिसणाऱ्या डोंगराला. सोपाननाना आले ते थेट बेडरूममध्ये शिरले. पश्चिमेच्या भिंतीसमोर उभे राहिले, उजवा हात उलटा करून, आई पोराच्या कपाळाला लावते तसा, भिंतीला लावला आणि डोळे मिटले. माझ्या बायकोच्या मावशीला वाटलं, हे पूजेच्या गुरुजींपैकीच कुणीतरी असणार. तिनं पदर सावरला.

"कनकन हाय," नाना म्हणाले. "मे मधी सनकून भरंल ही." मग दोन जिलब्या खाल्ल्या आणि गेले.

भर वास्तुशांतीत नव्या कोऱ्या भिंतीला कुणी आजारी म्हणतं का? मी त्या दिवसापासून त्यांच्यावर डूख धरला. एक आधीच कबूल करून टाकतो. या माणसावर मी पाच वर्षं जळलो. पुढचं सगळं वाचताना ते लक्षात असू द्या, म्हणजे मी कुठं त्यांना कमी लेखलं तर तुम्हाला कारण कळेल.

भूगावात आमची सोसायटी ज्या जमिनीवर उभी आहे ती नानांची. आता बी विंग आहे तिथं त्यांचं भाताचं खाचर होतं. जमिनीच्या व्यवहारात बिल्डरनं त्यांना बी विंगमधला सगळ्यात वरचा पश्चिमेचा फ्लॅट दिला. मी लातूरकडचा, हिंजवडीत एका कंपनीत ॲडमिनला. मी कर्ज काढून घेतलेला फ्लॅट ए विंगमधला सगळ्यात वरचा, तोही पश्चिमेचाच. म्हणजे ऊन दोघांना सारखंच. बरोबरी करायला एवढं पुरे होतं.

सोसायटीच्या नावात 'ग्रीन' होतं. हिरवं म्हणाल तर गेटचा रंग. झाड एक नव्हतं. नाना इमारतीला कायम 'ती' म्हणत. "उगडी हाय बिचारी. डोक्याव फडकं न्हाई, अंगाव काय न्हाई. उन्हात हुबी केलीया नुसती." बँकेत जावो, दवाखान्यात जावो, मंगल कार्यालयात जावो, आधी भिंतीला उलटा हात. मग निदान. कणकण, कढत, सणकून, उतरलाय. एकदा मी त्यांना आमची कंपनी दाखवायला नेलं. खरं तर रुबाब दाखवायलाच. सात मजली काचेची इमारत. त्यांनी बाहेरून काचेला हात लावला आणि चटकन काढला. आत एसीत गेल्यावर आतून लावला. आमच्या साहेबांसमोर म्हणाले, "हिला आयशीयूत ठिवलीया. बाहीर आग, आत बरफ. सलाईन काडलं की गेली." साहेब हसले. मला म्हणाले, "तुमचे हे नाना भारी आहेत." आठ वर्षांत साहेबांनी मला भारी म्हटलेलं नव्हतं.

वास्तविक पर्यावरण हा माझा विषय. कंपनीत जागतिक तापमानवाढीवर दोन दिवसांचं शिबिर झालं होतं. त्याचं प्रमाणपत्र मी फ्रेम करून हॉलमध्ये लावलेलं आहे. सोसायटीचा सेक्रेटरी झालो तेव्हाच मी ठरवलं होतं की इथं जे काही हिरवं होईल ते माझ्या हातून होईल.

आणि नानांनी आपल्या गच्चीवर माती न्यायला सुरुवात केली.

लिफ्टमधून माती न्यायची नाही, असा नियम मीच लावला. तर हा साठीचा माणूस सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांतून, खांद्यावरून, जिन्यानं पाच मजले माती नेऊ लागला. खाली भाताचा पेंढा, त्यावर पालापाचोळा, मग नारळाच्या शेंड्या, शेणखत आणि वर चार बोटं माती. "वझं व्हाया नगो सलाबवर," म्हणायचे. त्यात रताळ्याचे वेल लावले. सहा महिन्यांत गच्चीच्या पश्चिमेच्या कोपऱ्यात स्लॅब दिसेना. मग पश्चिमेच्या भिंतीवर वरून खालपर्यंत सुंभाच्या दोऱ्या सोडल्या आणि घोसाळी, दुधी, पावटा चढवला. आंघोळीचं पाणी, तांदळाचं पाणी, भांड्यांचं पाणी, सगळं तिकडं. "फडकं बांदतुया तिला," म्हणायचे.

गंमत म्हणजे हे फडकं पूर्ण नव्हतं. त्यांच्या फ्लॅटची एकच खोली झाकली होती, पश्चिमेची. बाकीचं घर उन्हात तापत होतं. मी कमिटीत सांगितलं, बघा, अर्धवट ज्ञान.

मग मीही उतरलो. ए विंगची गच्ची पांढरी केली. त्यामागं शास्त्र आहे, शिबिरात ऐकलेलं आहे. रंग देऊन झाल्यावर ऊन असं परतायचं की कपडे वाळत घालायला बायका गॉगल घालून जाऊ लागल्या. पहिल्या पावसाळ्यानंतर रंगाचे पोपडे आले आणि कबुतरांनी उरलेलं काम केलं. नाना येऊन बघून गेले. "चांगलं केलंत, सेक्रेटरी. तापल्याली पोरगी हाय, पावडर तर लावलीत," म्हणाले. त्यांनी हे मनापासून म्हटलं होतं, हेच जास्त लागलं.

मी गॅलरीत लॉन लावलं, ते वाळलं. मनी प्लांट लावला, तो पिवळा पडला. मनी प्लांट कुणाचा पिवळा पडतो हो? आणि माझी बायको, सुनंदा, रोज संध्याकाळी बी विंगच्या गच्चीवर जाऊन बसायची. येताना ओंजळभर घोसाळी आणायची. "नानांची आहेत," म्हणून ताटात वाढायची. ती भाजी चांगली व्हायची आणि मी ती मान खाली घालून खायचो. उन्हाळ्यात ती बेडरूममध्ये झोपायचीच नाही, हॉलमध्ये चटई टाकायची. माझ्या घोरण्यामुळं, असं मी धरून चाललो होतो. तिला कधी विचारलं नाही.

एका एप्रिलमध्ये कंपनीतून थर्मामीटर आणला. दुपारी तीन वाजता आधी माझ्या पश्चिमेच्या खोलीत लावला, मग नानांकडं गेलो. त्यांनी खोलीचं दार जेमतेम हातभर उघडलं, थर्मामीटर आत खिळ्याला अडकवला आणि दार लोटून घेतलं. पंधरा मिनिटांनी बाहेर दिला. साडेपाच अंशांचा फरक. मी कमिटीत सांगितलं की थर्मामीटर बिघडलेला निघाला.

मग पेपरात फोटो आला. नाना वेलाखाली उभे, हात भिंतीला उलटा. बातमीदाराला फोन करून मी बोलावलं होतं, माझी पांढरी गच्ची बघायला. तो चुकीच्या विंगमध्ये गेला आणि तिथंच रमला. तो पेपर आमच्या घरी सुनंदानं जपून ठेवलाय, माझ्या प्रमाणपत्राच्या फ्रेममागं.

यानंतर मी जे केलं ते सांगायला मला लाज वाटते. त्या पावसाळ्यात बी विंगच्या जिन्यात ओल आली. मी पत्र तयार केलं. गच्चीवरच्या बागेमुळं गळती, स्लॅबला धोका, बाग काढून टाकावी. ओल पाण्याच्या टाकीच्या पाइपची होती. मी स्वतः वर जाऊन पाहिलं होतं, बोट लावून पाहिलं होतं. तरी पत्रावर सह्या घेतल्या. जानेवारीत मीटिंग झाली, ठराव झाला. फेब्रुवारीअखेर सगळं उतरवायचं.

नाना मीटिंगमध्ये मागच्या खुर्चीवर बसले होते. भांडतील असं मला वाटलं होतं, तशी तयारीही केली होती. ते उठून एवढंच म्हणाले, "यवढा मे सरू द्या. मंग माझ्या हातानं काडतो."

"मे का?" कुणी विचारलं नाही. मी म्हटलं, "ठराव म्हणजे ठराव, नाना."

दोन दिवसांनी नोटिशीवर त्यांची सही घ्यायला गेलो. दार उघडंच होतं. नाना स्वयंपाकघरात भाकरी थापत होते आणि त्यांचं अंथरूण तिथंच, ओट्याखाली, गुंडाळून ठेवलेलं होतं. पश्चिमेच्या खोलीचं दार आज सताड उघडं होतं. पाच वर्षांत पहिल्यांदा मी ती खोली पाहिली. पलंग, त्यावर घडी न मोडलेली गोधडी. खुंटीला आरसा, फणी. खिडकीत माठ, त्यावर तांब्या पालथा. खिडकीबाहेरच्या वेलामुळं आत हिरवट उजेड होता. कुणी राहत नसल्यासारखी आणि रोज झाडल्यासारखी खोली.

"ही खोली कुणाची?"

"हौसाची," नाना म्हणाले. हौसाबाई म्हणजे त्यांची बायको. ती माले गावी भावाकडं असते एवढं सोसायटीला माहीत होतं. ती गेली ती नानांच्या फटकळ तोंडामुळं, असं उत्तर मीच परस्पर देत आलो होतो.

"तुमी ऱ्हाया यायच्या आदी, पयल्या मे मधी आली, तीन दिस ऱ्हायली," नाना भाकरी उलटत म्हणाले. "ह्याच खोलीत. तिसऱ्या दिशी म्हन्ली, तवा कशाला ठिवताय, भाकर भितीलाच लावा. आन गेली मालेला. भित गार करा, मंग येते म्हन्ली."

"एवढ्यासाठी पाच वर्षं?"

"भितीचं निमित्त हो. रान इकलं ते तिला न इचारता इकलं म्या. लगीन हून आल्यापास्नं तिनं त्या खाचरात भात लावला. तिच्या रानाव ही हुबी, आन तिला म्हनायचं, ये, हितं ऱ्हा." त्यांनी भाकरी टोपल्यात टाकली. "दर मे मधी जातो मालेला. ती येकच इचारती, भित कशी हाय. हात लावून बघा आन खरं सांगा. पयल्या वर्सी कडत. मंग जरा उतारली. गेल्या साली म्या सांगितलं, अजून कनकन हाय. म्हन्ली, बरं, म्होरल्या साली."

"अहो, मग सांगायचं गार आहे म्हणून. एखाद्या अंशानं तिला कुठं कळणार होतं?"

नानांनी माझ्याकडं असं पाहिलं की त्या लहानशा स्वयंपाकघरात मला बसायला जागा असती तर बरं झालं असतं.

"तिला कशाला कळाया पायजे?" ते म्हणाले. "मला ठावं हाय की. म्हनून तर सगळीकडं हात लावीत फिरतो. हाताला फरक कळाया नगो व्हय? यंदा गार ऱ्हाईल, सेक्रेटरी. पयल्यांदाच. पर मे पत्तूर वेल पायजेल."

नोटीस माझ्या खिशात होती. ती मी बाहेर काढली नाही. पुढच्या रविवारी कमिटी बोलावली आणि ओल टाकीच्या पाइपची आहे, मला आधीपासून ठाऊक होतं, असं सांगितलं. मला सेक्रेटरीपदावरून काढलं. ते रास्तच होतं. नव्या सेक्रेटरीनं आठवड्यात पाइप बदलला आणि ओल वाळली.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, भर दुपारी, एक सहाआसनी रिक्षा गेटपाशी थांबली. नानांच्या मागोमाग हौसाबाई उतरल्या. बारीक, काळ्यासावळ्या, नऊवारी, हातात पिशवी. दुपारची वेळ का, तर त्यांनीच तशी धरली होती. तीन वाजता बघते, म्हणाल्या म्हणे. सोसायटी गॅलऱ्यांत उभी होती. लिफ्ट नको म्हणाल्या, जिना चढल्या. सुनंदा पाण्याचा तांब्या घेऊन मागं गेली आणि तिच्या मागं मी.

हौसाबाई इकडं तिकडं न बघता पश्चिमेच्या खोलीत गेल्या. भिंतीसमोर उभ्या राहिल्या. हात उलटा करून भिंतीला लावला. डोळे मिटले. अगदी तसंच, आणि मला तेव्हा कळलं की ही सवय मुळात कुणाची. नाना उंबऱ्यात उभे होते. सकाळी वेलाला पाणी घालून, मग उन्हात मालेला जाऊन येऊन त्यांचा सदरा घामानं अंगाला चिकटला होता, डोळे लाल झाले होते.

हौसाबाईंनी हात काढला, त्या वळल्या, आणि तोच हात तसाच उलटा नानांच्या कपाळाला लावला.

"भित बरी हाय," म्हणाल्या. "तुमीच भाजून निगालाय. बसा हितं." आणि पिशवी पलंगावर ठेवली.

आम्ही दोघं तिथून निघालो. जिना उतरताना आणि आमचा जिना चढताना मी जळत होतो. ते या वेळी घोसाळ्यांवरून नव्हतं, फोटोवरून नव्हतं. एका माणसानं दुसऱ्यासाठी पाच वर्षं एक भिंत थंड करावी आणि एक अंश कमी पडला तर तसं सांगून रिकाम्या हातानं परत यावं, यावरून होतं. असं काही माझ्या हातून झालेलं नव्हतं.

घरी आलो आणि बेडरूममध्ये गेलो. साडेतीन वाजले होते. पश्चिमेच्या भिंतीला हात उलटा करून लावला आणि चटकन काढला.

सुनंदा दारात उभी होती.

"चांगलीच तापलीय गं ही," मी म्हटलं.

"पाच वर्षं तापतेय," ती म्हणाली आणि चटई टाकायला हॉलमध्ये गेली.

नानांकडं घोसाळ्याचं बी मागायला जायचं मी तेव्हाच ठरवलं. जायला मात्र आणखी चार दिवस लागले, कारण मागणं त्यांच्याकडंच होतं.