सगुणाआत्याची बाटली

सगुणाआत्याच्या कमरेला बाराही महिने एक बाटली असायची. दवाखान्यातली, खोकल्याच्या औषधाची निळी बाटली. तोंडाला चिंधीचं बूच आणि अंगावर डोस मोजायची कागदी पट्टी तशीच चिकटलेली. आत विहिरीचं साधं पाणी. आत्या निंदायला गेली तरी बाटली कमरेला, सोनईच्या बाजाराला गेली तरी कमरेला. एकदा बाजाराच्या वाटेवर तहान लागली म्हणून मी हात पुढं केला, तर हातावर चापट बसली.

"ते प्यायाचं न्हाई, मास्तर. ते लेकरांचं हाय."

याचा अर्थ आमच्या वस्तीत नव्यानं आलेल्या माणसाला सांगावा लागे. आम्ही कॅथलिक. आमच्यात बाप्तिस्मा फादर देतात. पण लेकरू दगावायला आलंय आणि फादर जवळ नाहीत, अशी वेळ आली तर तो कुणीही देऊ शकतं. डोक्यावर पाणी ओतायचं, ठरलेले शब्द म्हणायचे, नाव ठेवायचं, झालं. आमचे फादर आठ मैलांवर मिशनच्या बंगल्यात राहायचे आणि महिन्यातून दोनदा सायकलवरून यायचे. आत्या देवळाची, म्हणजे आमच्या चर्चची, झाडलोट करायची, तिन्ही वेळची घंटा वाजवायची आणि उरलेल्या वेळात ही सवलत वापरायची.

अडचण एवढीच, की लेकरू दगावतंय हे ठरवायचं कुणी? तेही आत्याच ठरवायची. तिच्या मते शिंक हे वाईट लक्षण. दोन शिंका आल्या की आशा सोडायची. जांभई दिली तर "जीव वर निघालाय", गाढ झोपलं तर "हलंना झालंय". आत्या दारात दिसली की सुईण घाईघाईनं लेकराच्या नाकावर पदर धरायची. या लेकरांपैकी एकालाही पुढं काही झालं नाही. सगळी वाढली, चिंचेवर चढली, पडली, पुन्हा चढली आणि माझ्या शाळेत आली. हे आत्याला दाखवून दिलं तर ती शांतपणे म्हणायची, "मंग? येळेवर पानी पडलं म्हून वाचली."

नावाचं तर विचारूच नका. एवढ्या घाईत नाव कोण शोधत बसणार? मुलगा असला की जोसेफ आणि मुलगी असली की जोसफिना. दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत मी हजेरी घेताना "जोसेफ" म्हटलं की अकरा पोरं एकदम "हजर" म्हणायची. मी त्यांना जोसेफ चिंचेखालचा, जोसेफ नकटा, जोसेफ रडका अशी नावं पाडली होती. त्यातला रडका पुढं पोलिसात गेला.

फादर लिओ समुद्रापलीकडून आलेले. मराठी पुस्तकातून शिकलेले, म्हणून वस्तीतल्या सगळ्यांना 'आपण' म्हणायचे, चावऱ्या कुत्र्यालासुद्धा. नवा जोसेफ झाला की ते आत्याला स्टुलावर बसवून उलटतपासणी घ्यायचे. पाणी कुठे ओतले? शब्द कोणते उच्चारले? पाणी आधी की शब्द आधी? आत्याचा एक शब्द चुकायचा नाही, एक थेंब इकडचा तिकडे व्हायचा नाही. म्हणजे बाप्तिस्मा नियमानं पक्का. आणि तो जन्मात एकदाच होतो, पुसता येत नाही. फादर मोठा श्वास सोडून वहीत जोसेफ लिहायचे.

मग आमच्या घरी पहिला मुलगा झाला. नावावरून माझं आणि रूथचं, म्हणजे माझ्या बायकोचं, नऊ महिने भांडण चाललं होतं. तिला वडिलांचं दानिएल हवं होतं. मला अलेक्झांडर हवं होतं, कारण घरात एक तरी शूर माणूस असावा असं मला वाटे. तिसऱ्या दिवशी दुपारी मी वाण्याकडं गूळ आणायला गेलो. परत आलो तर पोराचं डोकं ओलं आणि रूथ पदर तोंडात धरून हसतेय.

"लई वंगाळ उचकी हुती, मास्तर," आत्या बूच लावत म्हणाली.

नाव मी विचारलं नाही.

पुढच्या रविवारी मी फादरांकडं तक्रार नेली. मास्तर माणूस, मुद्दे पाडून नेली. शेवटचा मुद्दा घंटेचा होता. शनिवारी संध्याकाळी मी देवळात मुलांना धर्माचे प्रश्न आणि उत्तरं घोकायला लावायचो. आत्या मागं, दाराशी, घंटेच्या दोरीजवळ बसून ऐकायची. घंटा सहाला व्हायला हवी. पण एखाद्या शनिवारी ती पाव तास आधीच दोरी ओढायची आणि माझा वर्ग उधळायचा. हिला वेळेचंही भान नाही, असं मी फादरांना ठासून सांगितलं.

मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, संपल्यावर फादरांनी तिला सगळ्यांसमोर बोलावलं आणि हात पुढं केला. "ती बाटली आपण माझ्याकडे द्यावी."

आत्यानं दोन्ही हात कमरेवर दाबून धरले. "देवळाची किल्ली घ्या, फादर. घंटेची दोरी घ्या. बाटली मागू नका."

फादरही हटले नाहीत. मृतांच्या दिवशी कबरींना आशीर्वाद द्यायला ते येणार होते. तोवर बाटली मिळाली नाही तर घंटा दुसरं कुणी वाजवेल, असं त्यांनी बजावलं. मी जिंकलो. त्या दिवशी रूथनं मला भाकरी वाढली, पण कालवण वाढलं नाही.

मृतांचा दिवस आला. फादर एकेका कबरीवर पवित्र पाणी शिंपडत गेले. अकरा जोसेफ मेणबत्त्या धरून रांगेनं मागं होते आणि बारावा माझ्या खांद्यावर झोपला होता. सगळं आटोपल्यावर आत्या पुढं आली. तिनं कमरेची बाटली सोडली.

"घ्या. पर आदी माज्यासंगं या."

ती काटेरी कुंपणाबाहेर गेली. फादर गेले, म्हणून आम्हीही गेलो. एका बाभळीखाली चार दगड मांडलेले होते. भोवतालची जमीन देवळासारखी झाडलेली. बाप्तिस्म्याविना गेलेली लेकरं कुंपणाबाहेर पुरायची असा तेव्हाचा नियम होता, आणि बाभळीखाली कोण आहे हे मी इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं.

"दुष्काळाचं साल हुतं," आत्या म्हणाली. "घरात पान्याचा टिपूस न्हवता. माजं लेकरू निळं पडाया लागलं, तशी मी घागर घेऊन हिरीवर पळाले. आले तवर..." तिनं बाटली हातातल्या हातात फिरवली. "शबूद समदे येत हुते मला, फादर. पानीच न्हवतं."

फादर दगडांपाशी वाकले. मग हळूच म्हणाले, "बाळाचे नाव आपण काय ठेवणार होता?"

कुंपणाशी मेणबत्त्या धरून उभ्या असलेल्या पोरांच्या रांगेकडं आत्यानं नुसतं पाहिलं. फादरांनीही पाहिलं. मीही पाहिलं, आणि रोज हजेरी घेणाऱ्या मला ती हजेरी त्या दिवशी पहिल्यांदा कळली.

फादरांनी तिच्या हातून बाटली घेतली, चिंधी काढली आणि सगळं पाणी त्या चार दगडांवर ओतलं. "जोसेफ," ते म्हणाले, आणि पुढं लॅटिनमध्ये काहीतरी पुटपुटले. ते नियमात बसत होतं की नाही, मी विचारलं नाही. मग त्यांनी रिकामी बाटली दोन्ही हातांनी तिला परत दिली.

"ही आपण भरून ठेवावी," ते म्हणाले. "मात्र शिंक आल्यास थोडे थांबावे."

पुढच्या शनिवारी वर्गात मी नेहमीसारखा पुस्तक वाचत चाललो होतो. पान उलटलं आणि प्रश्न समोर आला: बाप्तिस्म्याविना मेलेलं बालक स्वर्गात जातं काय? खाली उत्तर: नाही. इतकी वर्षं मी पोरांकडून ते मोठ्यानं घोकून घेत होतो. मान वर केली तर दाराशी आत्याचा हात दोरीकडं गेला होता, आणि सहाला अजून पाव तास होता.

मी दोन पानं एकदम उलटली.

त्या शनिवारी घंटा बरोबर सहाला वाजली.