फ्लोअरिंगवर पाय ठेवण्याबाबत

मनुष्यजातीची प्रगती मोजायची झाली तर माणसाच्या डोक्यात काय आहे ते पाहू नये, पायाखाली काय आहे ते पाहावं. आधी माती होती. मग सारवण आलं, मग शहाबादी, मग मोझॅक, मग चकचकीत टाइल. डोक्यातला माल बराचसा तोच राहिला, पण पायाखाली आपण कुठल्या कुठे पोहोचलो. पाथर्डी फाट्यावरची आमची 'पर्णकुटी अपार्टमेंट' (पाच मजले, लिफ्ट बहुधा चालू) या प्रगतीत मागे पडली होती, हे सांगताना आजही मान खाली जाते. आमच्या पार्किंगला साधं काँक्रीट होतं. लोक त्यावरून चालत, गाड्या लावत, आणि कुणाला त्याचं काही म्हणजे काही वाटत नसे.

सुधारणेला निमित्त लागतं. ते पहिल्या मजल्यावरच्या सिंधुबाईंनी दिलं. सिंधुबाई शिवणकाम करतात. बिल्डिंगमधल्या प्रत्येक बाईचं माप त्यांना तोंडपाठ आहे, आणि ते त्या कुणाला सांगत नाहीत, म्हणून सगळ्या त्यांना मान देतात. त्यांच्या निकिताचं लग्न मालेगावच्या मुलाशी ठरलं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मला हॉल नको. निकिताची हळद खाली पार्किंगमध्येच करायची. तिचे पप्पा तिला सायकल शिकवताना तिथंच मागं पळायचे. आता ते नाहीत. निदान जागा तरी तीच असू द्या."

मीटिंगमध्ये सगळ्यांचे डोळे पाणावले. डोळे पाणावलेले असताना सोसायटीत कुठलाही ठराव मंजूर होतो, हे आमचे सेक्रेटरी शेखर यांना चांगलं माहीत आहे. ते लगेच म्हणाले, "हळद खालीच होणार, सिंधुताई! पण अशा उघड्याबोडक्या काँक्रीटवर? मालेगावची माणसं येणार. काय म्हणतील ती?" (आपल्याकडच्या समस्त बांधकामशास्त्राचा पाया या एका प्रश्नावर उभा आहे.) शिवाय शेजारच्या सोसायटीने नुकतंच इपॉक्सी फ्लेक फ्लोअरिंग करून घेतलं होतं. त्याचा आम्हाला अजिबात हेवा वाटत नव्हता, आम्ही फक्त रोज संध्याकाळी त्यांच्या गेटपाशी जाऊन उभे राहत होतो.

अज्ञजनांसाठी सांगतो. इपॉक्सी फ्लेक फ्लोअरिंग म्हणजे काँक्रीट घासून त्यावर चिकट रसायनाचा थर द्यायचा, तो ओला आहे तोवर रंगीत प्लॅस्टिकच्या बारीक चकत्या, म्हणजे फ्लेक्स, वरून उधळायच्या, आणि सगळ्यावर काचेसारखा पारदर्शक थर मारायचा. वाळलं की काँक्रीट आपण ग्रॅनाइट असल्याचा आव आणतं. माणसांसाठी अशी काही सोय निघेपर्यंत निदान पार्किंगची तरी झाली, हे काय थोडं आहे?

काम ओझरच्या अमोलकडे दिलं. अमोल चुणचुणीत पोरगा. त्याने आधी घासणीचं मशीन फिरवलं. द्राक्षबागेवर भुरीची पांढरी बुरशी चढावी तशी धूळ पाचही मजल्यांवर बसली. कुणी कुरकुर केली नाही. चार दिवस डाळीत काँक्रीट लागलं, तरी लोक "प्रगतीची चव आहे" म्हणून जेवले.

फ्लेक्स उधळायच्या दिवशी सगळी बिल्डिंग खाली जमली. खिळ्यांच्या तळव्याचे बूट घालून अमोल ओल्या थरावर उभा राहिला आणि मुठीने फ्लेक्स वर उडवू लागला. ते खाली पसरत होते ते पाहून लोकांना राहवेना. "आम्हाला पण द्या की!" असा गलका झाला. अमोलने चांगुलपणाने पाटी भरून दिली आणि सगळ्यांना कडेने उभं केलं. इथेच तो चुकला. मराठी माणसाच्या मुठीत रंगीत काहीतरी दिलं, चहूबाजूंनी माणसं उभी केली आणि मध्ये जागा मोकळी ठेवली, तर पुढे काय होणार हे सांगायला भटजी लागत नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या कुणीतरी खड्या आवाजात "शुभ मंगल..." म्हटलं, आणि "सावधान"ला सगळ्यांच्या मुठी सुटल्या.

अक्षता टाकायची आपली एक सिद्ध पद्धत आहे. त्या नवरा-नवरीपर्यंत पोहोचू द्यायच्या नसतात. त्यानुसार साठ टक्के फ्लेक्स पुढच्या माणसाच्या पाठीवर गेले, वीस टक्के केसांत, दहा टक्के कुणाच्या तरी चहात, आणि उरलेले जमिनीला मिळाले, तेही कडेला. मधला भाग अमोलने नंतर एकट्याने भरला. बिचारा सारखा म्हणत होता, "काका, जरा लांब फेका ना!" आता ज्याने आयुष्यात नवरीपर्यंत एक दाणा पोहोचवला नाही, तो एकदम कसा सुधारणार?

या धांदलीत सिंधुबाई पुढे आल्या. त्यांच्या हातात वाटी होती, आणि वाटीत कुंकू लावलेले खरेखुरे तांदूळ. त्यांनी डोळे मिटले, काहीतरी पुटपुटल्या आणि अख्खी वाटी मधोमध उधळली. नेम अचूक! अमोल ओरडला, "मावशी! हे काय टाकलं?"

"अक्षता रे बाळा. माझी निकिता उभी राहणार ना तिथं."

ते आता निघणार नव्हते. अमोलने डोकं खाजवलं आणि वरून पारदर्शक थर मारून मोकळा झाला. वाळल्यावर जे दिसलं त्याने आम्ही गार पडलो. राखाडी, निळ्या, पांढऱ्या फ्लेक्सच्या मधोमध लालसर तांदूळ असे चमकत होते की शेजारची सोसायटी आता आमच्या गेटपाशी येऊन उभी राहू लागली. आयुष्यात याहून मोठं समाधान ते काय असतं?

मग अर्थातच जपणूक आली. सुरुवातीला चपला गेटबाहेर काढायच्या, एवढंच ठरलं. मग टायरचे वळ उठतात म्हणून गाड्या रस्त्यावर लावायच्या ठरलं. (पार्किंगमध्ये गाड्या लावणं ही जुनी पद्धत आहे, तीत काही शास्त्रीय तथ्य नाही.) मग अनवाणी पायांचेही ठसे दिसतात असं शेखर यांच्या लक्षात आलं. म्हणून गेटपासून जिन्यापर्यंत कांद्याच्या गोण्या अंथरल्या. गोण्यांचे धागे सुटतात म्हणून उरलेल्या जागेवर जुन्या चादरी घातल्या. थोडक्यात, फ्लोअरिंग दिसत नसे. पण चादरीखाली ते आहे, या जाणिवेने माणूस ताठ चालत असे. दर रविवारी सकाळी चादर उचलून दर्शन असे.

हळद जवळ आली. सिंधुबाई विचारायला आल्या की चादरी कधी काढायच्या. तातडीची मीटिंग लागली. शेखर गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "सिंधुताई, आमचा विरोध नाही. पण हळदीचा डाग पडला तर?"

तिथल्या तिथे अमोलला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. अमोल म्हणाला, "पेट्रोल सांडा, ऑइल सांडा, काही होत नाही."

"आणि हळद?"

मग तो म्हणाला, "हळदीचं काही सांगता येत नाही, काका."

"मी खाली जाड प्लॅस्टिक टाकते," सिंधुबाई म्हणाल्या. "एक थेंब सांडू देणार नाही."

हे सगळ्यांना पटलं असतं. पण तेवढ्यात चौथ्या मजल्यावरचे गोरक्षआबा खाकरले. आबा मूळचे दिंडोरीकडचे. मळा पोराकडे देऊन इथे आलेत, आणि आमच्यात धर्मशास्त्रावरचा शेवटचा शब्द त्यांचा असतो. ते म्हणाले, "डागाचं जाऊ द्या वो. खाली अक्षता हायेत. अन्न हाय ते. त्याच्यावर पाय देऊन पोरं डीजेवर नाचणार? ते काय बरं दिसतं?"

आबांचं बोलणं शंभर टक्के बिनतोड होतं. (आबांनी या एका हंगामात गावाकडची आणि शहरातली मिळून सव्वीस लग्नं गाठली. प्रत्येक मांडवात पायलीभर तांदूळ तुडवत पहिल्या पंगतीला जागा धरणारा माणूस तेच असतात. पण ते तांदूळ सुटे. हे कायमचे. शास्त्रात फरक आहे.)

"आन् टाकल्या कुणी?" आबा म्हणाले. "तुमीच ना ताई."

सिंधुबाईंचा चेहरा पडला. "पोरीसाठीच टाकल्या होत्या हो," त्या म्हणाल्या. "तिनं तिथं उभं राहावं म्हणूनच टाकल्या होत्या." आणि तोंडाला पदर लावून त्या रडल्या. मला फार वाईट वाटलं. सगळ्यांनाच वाटलं. पण डोळे पाणावलेले असल्यामुळे हळद आत न करण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला. निकिताने आईला हाताला धरून उठवलं आणि एवढंच म्हणाली, "चल आई. रस्त्यावर करू."

हळद रस्त्यावर झाली, गेटसमोर, आमच्याच गाड्यांच्या दोन रांगांमध्ये. समितीने मन मोठं केलं: गेट सताड उघडं ठेवलं, चादरी काढल्या आणि फोटोत मागे फ्लोअरिंग येईल अशा बेताने पाट मांडायला परवानगी दिली. मालेगावची माणसं फ्लोअरिंगकडे बघतच राहिली. "आत का नाही केलं?" असं त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, तेव्हा शेखरनी त्यांना तांदूळ दाखवले आणि म्हाताऱ्याने लांबूनच हात जोडले. निकिता डांबरावर उभी राहिली. हळद डांबरावर सांडली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याचा टँकर आला, त्याची गळती त्यावरून गेली, आणि दुपारपर्यंत रस्ता होता तसा झाला.

निकिता मालेगावला गेली. परवा मी भाजी घेऊन येत होतो, तर सिंधुबाई गेटपाशी उभ्या. रविवार होता, चादर काढलेली होती. त्या फ्लोअरिंगकडे बघत होत्या. मला म्हणाल्या, "भाऊ, पडला असता एखादा डाग तर काय बिघडलं असतं? रोज बघितला असता मी तो."

त्यांची भावना रास्त आहे, परंतु ती समितीकडे लेखी आलेली नाही.

वाचकहो, हे वाचून आपण हसला असाल तर आमची हरकत नाही. आमचं चुकलं असेल. फक्त जाता जाता एक करा. आपल्या घरात वरच्या कपाटात, खोक्यासकट, कुणीतरी मोठं येईल तेव्हा काढू म्हणून ठेवलेला तो काचेचा सेट आहे ना, तो आज खाली काढा. पुसून टेबलावर मांडा. आणि घेतला तेव्हा घरात जी माणसं होती, त्यांतली किती जेवायला येतात ते बघा.