मादाम एकदाच विचारतात

मादाम ओदील कुठलीही गोष्ट एकदाच विचारतात. कॉफी हवी का? एकदा. खिडकी लावू का? एकदा. तुम्ही हो म्हणालात तर ठीक. नाही म्हणालात तर विषय संपला. "से फिनी!" म्हणजे संपलं. हे म्हणताना त्यांचा उजवा हात असा खाली येतो, की समोर तिकीटखिडकीचं झाकणच पडलं असं वाटावं.

त्यात नवल काही नाही. बाईंची उमर रेल्वेच्या तिकीटखिडकीत गेली. "एका माणसाला दोनदा विचारलं की मागच्याची गाडी चुकते," हे त्यांचं ब्रीद. आता खिडकी नाही, रांग नाही. घरात त्या आणि एक जाडं मांजर. पण कुणाची गाडी चुकू नये म्हणून अजून एकदाच विचारतात. मांजरालासुद्धा.

अशा बाईंच्या घरी मी जाऊन पडले. मी कसबा बावड्याची. शाळा नववीत सुटली आणि पुढं शाहूपुरीतल्या एका बेकरीत लागले. पीठ मळणं एवढंच मला येतं, पण ते येतं. बेकरी बघायला आलेल्या एका फ्रेंच बाईनं माझा हात पाहिला आणि आपल्या गावातल्या पाव शिकवणाऱ्या शाळेत माझी जागा करून दिली. तिचे उपकार मी जन्मात विसरणार नाही. अट एकच होती. आधी सहा महिने तिथल्या एखाद्या घरी राहून फ्रेंच शिकायचं आणि परीक्षा पास व्हायची. नापास, तर परत. घर मिळालं ते मादामचं. निघताना अख्ख्या गल्लीनं ओटी भरलेली. नापास होऊन त्या गल्लीत पाऊल कुठल्या तोंडानं टाकायचं?

पहिल्या दिवशी जेवताना मादामनी बटाट्याचं भांडं पुढं केलं. "आणखी?"

मी आपली रीतीप्रमाणं "नको, नको" म्हणाले. आपल्याकडं माणूस पहिल्यांदा नको म्हणतो, दुसऱ्यांदा ताटावर हात आडवा धरतो आणि तिसऱ्यांदा वाढणारी त्याच्या बोटांच्या फटीतनं वाढते. मी हात आडवा धरायच्या तयारीतच होते. तोवर भांडं कपाटात गेलं. "से फिनी!"

चार दिवस मी अर्धपोटी काढले. पाचव्या दिवशी आईला व्हिडिओ कॉल लावला.

"आई, बाई चांगली हाय, पण वाढतच न्हाय गं."

"आगं, मग तू नको म्हणतीस कशाला?"

"दुसऱ्याच्या घरी पहिल्यांदाच व्हय म्हणू?"

"ते बी खरं हाय," आई म्हणाली. "दे, त्या बाईला फोन दे."

आणि आईनं निपाणीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "वो बाई! पोरीला तीनदा इचारत जावा! तीनदा!" सोबत तीन बोटं दाखवली.

मादामनी बोटं नीट मोजली आणि माझ्या ताटात तीन बटाटे वाढले.

मग मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये मी त्यांना आमची रीत समजावली. त्या थक्क झाल्या. "म्हणजे तुमच्यात नाही म्हणजे हो?"

"नाही. पहिली दोन 'नाही' मोजायची नसतात. तिसरं मोजायचं."

"आणि खरंच नको असेल तर?"

"तर पोट दुखतं."

"अशानं तुमच्या गाड्या वेळेवर कशा सुटतात?"

हा प्रश्न मला कळला नाही, असं मी दाखवलं.

त्यांच्या खोलीत एका मुलाचा फोटो होता. त्यांचाच मुलगा, लांबच्या शहरात असतो. एका नाताळाला त्यांनी त्याला बोलावलं होतं, तो म्हणाला जमणार नाही.

"मग?" मी विचारलं.

"मग काय? से फिनी." हात खाली आला, पण या वेळी सावकाश. त्याला नऊ नाताळ झाले होते.

परीक्षा आली. लेखी कशीबशी लिहिली. तोंडी परीक्षेत तर मी चांगली बोलत होते, पिठाबद्दल, भट्टीबद्दल. मध्येच परीक्षकांनी हसून विचारलं, "आणखी काही सांगायचंय?" सांगायला माझ्याकडं डोंगराएवढं होतं. पण मोठा माणूस, पहिल्यांदाच विचारतोय! मी नम्रपणे म्हणाले, "नको, नको." आणि दुसऱ्यांदा विचारायची वाट बघत बसले.

त्यांनी फाईल मिटली. मी दोन गुणांनी नापास झाले.

आणखी एकदा बसायची मुभा होती, तीन आठवड्यांनी. पण माझा धीर सुटला. बॅग भरून मी दारापाशी आले. मादाम मांजराला दूध ओतत होत्या.

"परत बसणार परीक्षेला?"

"नाही, मादाम. माझ्यानं नाही व्हायचं."

मी त्या हाताची वाट बघितली. तो खाली आला नाही. मादाम दूध ओततच राहिल्या. बशी भरली, फरशीवर ओघळ आला.

"बसणार?" त्या पुटपुटल्या. हे त्यांना किती जड गेलं, ते मानेवरच्या शिरांवरनं दिसत होतं.

मी बॅगेचा पट्टा खांद्यावर घेतला. नुसती मान हलवली. नाही.

मग बाई वळल्या. डोळे माझ्याकडं नाहीत, भिंतीकडं. "रेश्मा, बसणार?"

मी बॅग खाली ठेवली.

तीन आठवडे त्या स्वयंपाकघरात परीक्षक होऊन बसल्या. "आणखी काही सांगायचंय?" विचारायच्या आणि मी "हो!" म्हणून ओरडले की टाळी द्यायच्या. पास झाले. परीक्षकांनाच शेवटी "पुरे" म्हणावं लागलं.

यंदा सुट्टीला येताना मादामना कोल्हापूरला घेऊन आले. बोलावलं अर्थात तीनदा. आठ दिवस त्या आमच्या घरी राहिल्या. आईला फ्रेंच येत नाही, त्यांना मराठी येत नाही, दोघींचं अडलं कुठंच नाही. तिसऱ्या दिवसापासून तर भाकरी आली की मादाम ताटावर हात आडवा धरून "नको, नको" म्हणायच्या, आणि बोटांच्या फटी मात्र चांगल्या रुंद ठेवायच्या.

काल त्यांची निघायची वेळ झाली. रिक्षा दारात उभी. आईनं त्यांना हळदीकुंकू लावलं.

"आणि चार दिस ऱ्हावा की वो बाई!"

मी फ्रेंचमध्ये सांगितलं. मादाम हसून म्हणाल्या, "नाही, तिकीट काढलंय."

"तिकिटाला काय हुतंय? ऱ्हावा की!"

"नाही, नाही," मादाम म्हणाल्या. मग माझ्याकडं झुकून हळूच विचारलं, "किती झाले?"

"दोन."

"पावणं, आटपा की!" रिक्षावाला ओरडला. "गाडी चुकंल!"

मादामनी बॅग खाली ठेवली, आईकडं तोंड केलं आणि शांतपणे वाट बघत उभ्या राहिल्या.