वणाची नक्कल

दुखापतीच्या खटल्यात तडजोड झाली, की फिर्यादीला आपल्या जखमेचा वण कोर्टात जमा करावा लागतो. जखम झालीच नाही असं कोर्टाने धरायचं, तर वण कपाळावर राहील कसा?

सर्जेराव आवळे यांना हा नियम ठाऊक होता. म्हणूनच त्यांचा खटला छत्तीस वर्षं चालला.

तेव्हा ते बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे आणि ज्ञानू वायदंडे ट्रम्पेट. लाल कोट, खांद्यावर पिवळी झालर. एका वरातीत देवळाच्या वळणावर ज्ञानूंची पाळी आली, तरी सर्जेराव थांबले नाहीत. सूरच तसा लागला होता. ज्ञानूंनी ट्रम्पेट तोंडाचं काढलं आणि त्यांच्या कपाळावर हाणलं. डाव्या बाजूला अर्धचंद्र उमटला. फिर्याद झाली.

पुढे बँड मोडला. कोट कसरीने खाल्ले. तारखा मात्र पडत राहिल्या. तारखेला दोघं एकाच एस.टी.ने यायचे, पुढची तारीख घ्यायचे आणि कँटीनमध्ये भजी खात जुन्या वराती आठवायचे. कुठली नवरी रडली, कुठला घोडा बिथरला. बोलता बोलता ज्ञानूंची नजर वणावर जायची आणि ते म्हणायचे, "त्या दिवशी वाजवलंस मात्र झकास."

पण यंदा ज्ञानूंचे गुडघे गेले. "सर्जा, आता एस.टी.ची पायरी चढवंना गा," ते म्हणाले. "मिटवूया."

सर्जेरावांनी बोटाने वण चाचपला. मग म्हणाले, "मिटवूया."

न्यायाधीशबाईंनी विचारलं, "तडजोड राजीखुशीने?"

"होय," दोघं म्हणाले. खटला निकाली निघाला.

मुद्देमालाच्या कारकुनाने सर्जेरावांना स्टुलावर बसवलं, कपाळावर ओला टीपकागद दाबला आणि सावकाश उचलला. वण कागदावर आला. त्याने तो पाकिटात घातला आणि पावती लिहिली : वण, अर्धवर्तुळाकार, नग एक.

सर्जेरावांनी कपाळावरून हात फिरवला. सगळं गुळगुळीत होतं. त्या वरातीत कोणतं गाणं वाजवलं होतं ते आठवत होतं, पण कुणाबरोबर तरी हिंडायला गेलेल्या माणसाने एकट्याने घरी परतावं, तसं वाटलं.

"साहेब, परत न्हाई का मिळायचा?"

"मूळ मिळत नाही. नक्कल मिळते. पण फिर्यादीला नाही. ज्याने वण जमा केला, त्यालाच नक्कल दिली तर जमा काय झालं?"

"मग कुणाला?"

"आरोपीला. अर्ज केला तर."

ज्ञानू दारात काठीवर रेलून उभे होते. बस स्टँडवर जुन्या वरातींचा विषय निघाला नाही. सर्जेरावांना वाटलं, एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच बोलायला काही उरलं नाही.

चौथ्या दिवशी ज्ञानू नातीच्या स्कूटरवर बसून सर्जेरावांच्या दारात आले. कपाळावर अर्धचंद्र होता. कडेला बारीक निळा शिक्का : 'खरी नक्कल'.

सर्जेरावांनी चष्मा लावून बारकाईने पाहिलं.

"चुकलं की लेका. माझा डावीकडं हुता. तू उजवीकडं लावून घेतलास."

"कारकूनबी तेच म्हणत हुता," ज्ञानू खुर्चीत टेकत म्हणाले. "मीच सांगितलं, उजवीकडं लाव. आता समोर बस आन् बघ."

सर्जेराव समोर बसले. वण डावीकडेच दिसत होता, रोज दाढी करताना आरशात दिसायचा तसा. तेवढ्याच उंचीवर.

ते बघत राहिले. मग आत वळून त्यांनी दोन कप चहा सांगितला.

"ऐक," ज्ञानू म्हणाले, "त्या वळणावर माझी पाळी हुती, हे तर कबूल करशील?"

"न्हाई," सर्जेराव म्हणाले.