त्रेसष्ट बदकांचा खाडा

डिलाईल रोडच्या एका बंद गिरणीमागे तळं आहे. तिथे दर हिवाळ्यात बदकं येतात, ही बाब प्रशासनाच्या निदर्शनास यंदा आली. कारण तळं बुजवून वाहनतळ करण्याची फाईल टेबलावर आली होती. तेव्हा नियमानुसार ठरलं, की रविवारी सकाळी दहा वाजता अधिकृत गणना व्हावी. पन्नास बदकं भरली तर तळं राहील, नाहीतर वाहनतळ.

धोंडू राहाटे निर्धास्त होते. गिरणी बंद पडल्यापासून चाळीच्या गॅलरीतून ते रोज सकाळी सातला बदकांची हजेरी मांडत, तीही गिरणीतल्या आपल्या खात्याच्या जुन्या मस्टरवर. थापट्या जातीची बदकं एका पानावर, तलवार बदकं दुसऱ्यावर. नोव्हेंबरात येऊन मार्चात जाणारी म्हणून त्यांच्या लेखी ती सगळी बदली कामगार. "माझ्या दुखण्याक कधी इतक्या टायमार उठलात नाय," असं बायको मालन म्हणे. पण खरं सांगायचं तर गिरणी गेल्यावर या माणसाला त्या बदकांनीच उभं ठेवलं होतं.

त्यांनी ते मस्टर गणना निरीक्षक मेघना मॅडमपुढे ठेवलं.

"काका, ही नोंद ग्राह्य नाही. आमच्या समक्ष हवी."

"मग सातला येवा ना, मॅडम. वर्दळ वाढली की ती उडतात."

"सातला ऑफिस उघडतं का?"

चाळीच्या मंडळाचे अध्यक्ष हितेंद्र यांनी प्रकरण हाती घेतलं. "काका, टेन्शन नाय घ्यायचं. आख्खं परळ-लालबाग पाठीशी आहे, हे बदकांना कळलं पाहिजे!"

रविवारी सातला धोंडूंनी मोजली. त्रेसष्ट. आनंदाने मस्टरवर आकडा दोनदा गिरवला.

साडेआठला स्वागत कमान लागली. बॅनरवर बदक म्हणून इंटरनेटवरचा राजहंस होता आणि त्याच्या चौपट हितेंद्र. नऊला ढोल-ताशा पथक आलं. मग पाहुण्यांना शाल-श्रीफळ, पक्ष्यांना शांतता लागते या विषयावर लाऊडस्पीकरवरून भाषण, आणि वर ड्रोन.

मेघना मॅडम ट्रॅफिकमध्ये अडकून बरोबर दहा वाजून दहा मिनिटांनी पोचल्या. तळ्यात झेंडूचा एक हार तरंगत होता.

"त्रेसष्ट होती, मॅडम. आईशपथ!"

"आत्ता किती आहेत, काका?"

धोंडूंना रडूच कोसळलं. हितेंद्रने तेवढ्यात त्यांच्याही खांद्यावर शाल घातली आणि फोटो काढून घेतला.

आठवड्यात अहवाल आला. 'बदके : निरंक. नागरिक : सातशे बारा. सदर नागरिकांनी वाहने रस्त्यात उभी केल्याने निरीक्षकांस विलंब झाला. सबब वाहनतळाची निकड सिद्ध होते.' धोंडूंनी मस्टरमध्ये त्रेसष्ट खाडे मांडले आणि ते मिटून फळीवर ठेवलं.

अहवालाला पुराव्यादाखल एक फोटो जोडला आहे. त्यात फूटपाथवर आडवी लावलेली एक पांढरी गाडी दिसते. मागच्या काचेवर 'तळं वाचवा'चं स्टिकर आहे. दोनच मिनिटांसाठी लावली होती, हे तुमचं म्हणणं फाईलला जोडून घेतलं आहे.