हैबतरावांची रजा

हैबतराव अळ्यांच्या आधी कधी जेवत नसत. सांगलीच्या आमच्या शेतकी प्रयोगशाळेत ते कीडघर सांभाळायचे आणि मी कारकुनी करायचो. दुपारी डबे उघडले की आम्ही हाक मारायचो आणि आतून ठरलेलं उत्तर यायचं, "तुमी बसा. गडी अजून जेवलं न्हाईत."

हे गडी म्हणजे हरभऱ्याच्या घाट्याला भोक पाडून आतला दाणा फस्त करणाऱ्या अळ्या. नवी औषधं तपासायला साहेबांना त्या बारा महिने लागत. दोघी एकत्र ठेवल्या तर एक दुसरीला खाते, म्हणून प्रत्येकीला स्वतंत्र बिऱ्हाड. लढाईच्या दिवसांत काचेच्या नळ्या मिळेनात, तेव्हा हैबतरावांनी होमिओपॅथीच्या डॉक्टरांकडून रिकाम्या बाटल्या मागून आणल्या. रोज सकाळी एकेक बाटली साफ करायची, ताजा घाटा, हंगाम नसला तर कोवळी भेंडी घालायची, कापसाचा बोळा लावायचा. अशा तीनशे. रविवार नाही की सण नाही.

नाव हैबतराव, मिशा नावाला शोभणाऱ्या, आणि हा माणूस अळीला कुंचल्याने उचलताना स्वतःचा श्वास धरून ठेवायचा!

"विट्याची आक्का दर संक्रांतीला बोलावती," ते सांगत. "पर ह्यांचं कोण बघनार? आक्का म्हणती, तुला माज्यापरीस किडं लाडकं. काय सांगू तिला?" मग आक्काच्या गुळपोळ्यांचं वर्णन सुरू व्हायचं आणि आमच्या डब्यातली भाजी बेचव लागायची. आठ वर्षांत गृहस्थाने एकही रजा घेतली नव्हती. आम्हा सगळ्यांना त्याची मनापासून हळहळ वाटे.

त्यामुळे अळ्यांना शिजवलेलं खाद्य घालायची कल्पना साहेबांनी काढली तेव्हा सारी कचेरी तिच्या मागे लागली. हरभऱ्याचं पीठ, यीस्ट आणि घट्ट व्हायला चायना ग्रास. त्याची वडी एकदा बाटलीत टाकली की अळीकडे आठ दिवस बघायला नको.

"हैबतराव, हे जमलं की तुम्ही विट्याला!" साहेब म्हणाले.

"व्हय जी," एवढंच बोलून हैबतरावांनी स्टोव्ह पेटवला.

प्रत्येक घाणा ते आधी स्वतः चाखत. "आपल्या जिभंला न्हाई रुचलं, ते दुसऱ्याला का घालावं?" यीस्टच्या वासाने आम्ही नाकाला रुमाल लावायचो आणि हे बोट चाटून म्हणायचे, "लय झ्याक." पिठासाठी रेशनच्या दुकानात गेले तर दुकानदाराने विचारलं, घरात खाणारी तोंडं किती? हे म्हणाले, "तीनशे एक." रांगेतल्या बायका त्यांच्या अंगावर धावून गेल्या. शेवटी मला साहेबांची चिठ्ठी घेऊन पळावं लागलं.

पहिल्या वड्यांना बुरशी आली. पुढच्या इतक्या घट्ट झाल्या की अळ्यांनी तोंड फिरवलं. आमच्या हिने लिंबाचा रस पिळून बघा म्हणून निरोप धाडला, तेही केलं. करता करता ऐन संक्रांतीच्या तोंडावर एक अळी वडीवर वाढली, कोषात गेली आणि तिचा पतंग बाहेर आला. साहेबांनी पेढे वाटले आणि तिथल्या तिथे दहा दिवसांची रजा मंजूर केली. हैबतराव काहीबाही सबबी सांगत होते. मी त्यांचं काही ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी हाताला धरून विट्याच्या मोटारीत बसवलं आणि मोठ्या पुण्याचं काम केल्यासारखा घरी आलो.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कीडघराचं दार उघडं दिसलं. हैबतराव घाटे निवडत बसले होते.

"गाडी बिघडली का?"

"न्हाई. तासगावला उतरलो." मान खालीच होती. "ह्यांना त्ये शिजवल्यालं पटंना. ताजं मागत्यात."

त्यांच्या मागच्या फळीवरच्या बाटल्यांत अळ्या वडीत डोकं खुपसून खात होत्या. माझा पारा चढला. "अहो, आक्का तिकडे वाट बघत असेल! ती दर वर्षी बोलावते आणि तुम्ही..."

हैबतरावांनी कुंचला खाली ठेवला.

"आक्का जाऊन सा वर्सं झाली," ते म्हणाले. "तिथं दार उघडाया बी कोन न्हाई आता. सणाला तुमी समदी घरला जाता. मला कुनी इचारलं तर कायतरी सांगाया पायजे का न्हाई?"

ज्याला जायला घर नाही, त्याला मी दंडाला धरून मोटारीत कोंबलं होतं. लाज वाटली मला.

टेबलाशी जाऊन मी साहेबांसाठी टिपण लिहिलं. नव्या खाद्याची नीट तुलना व्हायची तर निम्म्या अळ्या ताज्या घाट्यांवरच ठेवणं अवश्य. त्यांची रोज देखभाल लागेल. सबब हैबतरावांची रजा रद्द व्हावी. साहेबांनी ते दोनदा वाचलं, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता सही केली.

दुपारी हैबतराव व्हरांड्यात सगळ्यांसमोर तावातावाने सांगत होते, "बघा की! निम्म्या वाटंतनं माघारी यावं लागलं. आता आक्का काय म्हणंल मला?"

सगळे चुकचुकले. माझाच आवाज त्यात सगळ्यांत मोठा होता.